शिळ्या पाण्याचा हौद

भाकरी रात्रीतून शिळी होते, भाजी दुपारनंतर. पाणी मात्र आमच्या इमारतीत नळ आला की शिळं होतं.

तोपर्यंत ते शिळं नसतं. पंधरवड्याने एकदा नळ येतो आणि मधले सगळे दिवस आम्ही त्याच पाण्याला देवासारखं जपतो. तांब्या पिंपाच्या तळाला घासतो. पाहुणा जिन्यात दिसला तर आधी ड्रमवर चादर टाकतो आणि मग "या, या" म्हणतो. पण खालून कोणी तरी "नळ आला" म्हणायचा अवकाश, की तिसऱ्या मजल्यापासून तळापर्यंत कळश्या, टोप, पिंपं उलथी होतात आणि इतके दिवस जपलेलं ते पाणी धोधो करत गटारीला लागतं. घरात ताजं येत असताना शिळं ठेवू नये, म्हणून. हे कुठे लिहिलेलं आहे मला माहीत नाही. पण लिहिलेल्या गोष्टींपेक्षा न लिहिलेल्या आमच्याकडे जास्त पाळल्या जातात.

इमारतीचं नाव गोदावरी रेसिडेन्सी. केजकडे जाणाऱ्या रस्त्याला, पेट्रोलपंपाच्या मागे. नाव ठेवणाऱ्या बिल्डरला विनोदाचं अंग होतं. त्याच्याविषयी चांगलं बोलायचं तर एवढंच.

मीही मुकाट्याने शिळं ओतत आले होते. मग माझ्या राजूला, म्हणजे राजनंदिनीला, जुलाब लागले. ती तीन वर्षांची आहे. प्यायला जारचं पाणी असतं, ते होतं. धुवायला काही उरलं नाही. मी बादली घेऊन शेजारच्या सत्यशीलाकाकूंच्या दारात उभी राहिले. दुसऱ्याच्या दारात रिकामी बादली घेऊन उभं राहताना ती कुठल्या हातात धरावी हे शेवटपर्यंत कळत नाही.

"अगं पोरी, असतं तर दिलं नसतं का?" काकू म्हणाल्या. "हाय ते लई शिळं झालंय. आजारी लेकराला शिळं पाणी लावतेत का कुठं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी नळ आला. काकूंच्या मोरीच्या पाइपातून ते शिळं पाणी किती तरी वेळ पडत राहिलं. मी गॅलरीत उभी राहून बघत होते. हातात राजूची चड्डी होती, कोरडीच घासून काढलेली.

मी एम.ए. आहे, समाजशास्त्रात. रडले नाही. हौद शोधला.

हौद पार्किंगमध्ये होता. बांधकामाच्या वेळी सिमेंटवर मारायला पाणी साठवत तो, नंतर कोणी मोडला नाही म्हणून राहिलेला. त्यात विटांचे तुकडे, रंगाचे डबे आणि एका स्कूटरचा पुढचा अर्धा भाग होता. मागच्या अर्ध्याचं काय झालं, कोणाला माहीत नाही. माझं म्हणणं साधं होतं. नळ आला की सगळ्यांनी आपलं शिळं पाणी गटारीऐवजी या हौदात ओतावं. संडास, फरशी, गाड्या, कपड्यांचा पहिला हात, सगळं त्यातून भागेल. आणि कोणाचं लेकरू आजारी पडलं तर कोणाच्या दारात जायला नको. हे शेवटचं मी मनात म्हटलं.

माझ्या नवऱ्याचं नाव अमरसिंह. हे नाव त्यांना आजोबांनी ठेवलं, पुढचं काही माहीत नसताना. ते तालुक्याच्या एका कचेरीत टंचाईच्या टेबलावर कारकून आहेत. त्यामुळे टंचाई आली की आमच्या घराला सगळ्यात आधी कळतं आणि पाणी सगळ्यात शेवटी.

"बघ, करायचं तर कर," ते म्हणाले. "पण सुंदररावांना विचारून कर."

सुंदरराव तळमजल्यावर राहतात. एकेकाळी पंचायत समितीला उभे होते आणि अजून उभेच असल्यासारखे वागतात. कडक पांढरे कपडे, दारात जीप, आणि कुठल्याही विषयाला समिती. त्यांनी गच्चीवर बैठक बोलावली.

"प्रस्ताव चांगला हाय," ते म्हणाले. "पण हौद हा नाजूक विषय असतोय. समिती नेमावी लागंल."

"काका, हौद फक्त साफ करायचा आहे."

"तेच म्हन्तो मी. साफसफाई समिती."

सत्यशीलाकाकू चटईच्या कडेला बसल्या होत्या. गळ्यात तुळशीची माळ आणि चेहऱ्यावर पूर्वसूचना. "माझ्या घरचं पानी देवाच्या आंघोळीला लागलेलं असतंय. त्यात कुनी पाय धुतले तर पाप कुनाला?"

"हौदाला," सिदू म्हणाला. "तुमी टाका काकू बिनधास्त."

सिदू मेंढरांचा व्यापारी. केजच्या बाजारात त्याचा शब्द चालतो. फ्लॅट त्याने रोख घेतला आणि दोन शेळ्या पार्किंगमध्ये बांधल्या, त्या कुठल्याही ठरावाने हलत नाहीत.

"तू गप बैस बे," सुंदरराव म्हणाले. "तुझ्या शेळ्या पिनार त्यात."

"पिनारच की. शेळीला शिळं-ताजं कळतंय व्हय? ती काय शिकलेली हाय?"

तिसऱ्या बैठकीत असं ठरलं की प्रत्येकाने पाणी द्यावं. मग लक्षात आलं की द्यायला सगळे तयार आहेत, पण दुसऱ्याचं शिळं वापरायला कोणी तयार नाही. पुढच्या बैठकीत सगळे वापरायला तयार झाले, तेव्हा द्यायला कोणी उरलं नाही. शेवटी मी पदर खोचून हौदात उतरले. ते बघून अमरसिंहही उतरले, आणि चौथ्या पाटीला त्यांच्या कमरेत चमक निघाली. त्यांना स्कूटरच्या अर्ध्या भागाला टेकवून बसवलं. वरून गॅलरीतून सल्ले येत होते. "विटा आधी काढा." "डबे आधी काढा." "विंचू असतेत त्यात." हे शेवटचं सगळं काढून झाल्यावर आलं.

नळाच्या दिवशी मी जिन्यात उभी राहिले आणि प्रत्येकाची शिळी कळशी हौदाकडे वळवली. दुसऱ्याच्या कळशीला हात घालणारी बाई म्हणून माझं नाव त्याच दिवशी झालं असावं. पण हौद भरला, गळ्यापर्यंत. पार्किंगच्या अंधारात ते पाणी नुसतं उभं होतं आणि मी जेवण टाकून दोनदा खाली जाऊन बघून आले. नव्या सुनेचे दागिने बघावेत तसं.

दुसऱ्या दिवशी सुंदररावांची जीप धुतली गेली. चाकांसकट, आणि खालूनही. मी पुठ्ठ्यावर "कृपया काटकसरीने वापरा" असं लिहून लावलं. तो पुठ्ठा सिदूच्या शेळीने खाल्ला. काकूंनी देवाचं निर्माल्य हौदात सोडलं, कारण आता ते पाण्याचं ठिकाण होतं आणि निर्माल्य पाण्यातच सोडतात. मी झेंडूची फुलं काढत बसायचे आणि काकू वरून बघायच्या. "देवाचं काढायलीस, बघ बरं," म्हणायच्या. वाईट वाटायचं, पण पाणी होतं. राजूच्या चड्ड्या पाण्यात धुतल्या जात होत्या. त्या आठवड्यांत मी स्वतःवर थोडी खूश होते, हे सांगायला हरकत नाही. पुढे तशी वेळ आली नाही.

मग डास आले.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका भिंतीवर दोन सरकारी चित्रं आहेत. डावीकडे हंडा घेतलेली बाई आणि खाली "पाणी साठवा, पाणी वाचवा". उजवीकडे हंड्याएवढा डास आणि खाली "आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा, साठवलेलं पाणी ओतून द्या". दोन्ही चित्रं एकाच पेंटरची असावीत. बाईचे आणि डासाचे डोळे सारखेच आहेत.

उजवीकडच्या चित्राप्रमाणे आरोग्य केंद्राच्या आशाताई, छबुबाई, टॉर्च आणि वरण वाढायचा डाव घेऊन आल्या. हौदातलं डावभर पाणी त्यांनी उजेडात धरलं. त्यात कोंबांसारख्या बारीक अळ्या वळवळत होत्या.

"हे काय हाय, बघा," त्या मला म्हणाल्या. "एक तर हौद रिकामा करा. न्हाई तर गप्पी मासे सोडा, ते अळ्या खातेत. मधलं काही न्हाई."

रिकामा करणं माझ्याच्याने होणार नव्हतं. मी मासे निवडले. गप्पी मासे सरकारी मिळतात, अर्ज केला की. अमरसिंहांनी अर्ज नेला. साहेबांनी विचारलं, हौद कोणाच्या मालकीचा? बिल्डरने इमारत सोसायटीच्या नावे केलेली नाही, आणि नकाशात हौदाच्या जागी मोकळी जागा दाखवलेली आहे. म्हणजे कागदोपत्री हौद नव्हता. नसलेल्या हौदात अळ्या होऊ शकतात, त्या अळ्या मोजताही येतात, पण नसलेल्या हौदाला मासे मंजूर करता येत नाहीत. टंचाईच्या टेबलावर इतकी वर्षं बसलेल्या माझ्या नवऱ्याला हे लगेच पटलं. मला पटवायला त्यांना संध्याकाळ लागली.

मासे शेवटी सिदूने आणले. धर्मापुरीजवळ त्याच्या मेव्हण्याची विहीर आहे, तिथून तेलाच्या कॅनमध्ये, एसटीने.

"कंडक्टर म्हन्ला, कॅनमदी काय हाय? म्हन्लं, मासे. तो म्हन्ला, जिवंत असतील तर तिकीट लागंल. म्हन्लं, वहिनी वाट बघायल्यात, मेलेच समजा."

बोटाच्या पेराएवढे, करडे, दिसायला अगदी साधे मासे. दोन दिवसांत अळ्या दिसेनाशा झाल्या. आणि तिसऱ्या दिवशी हौदात पाणी टाकणं बंद झालं.

"मी माळकरी हाय," सत्यशीलाकाकू म्हणाल्या. "मासे असलेलं पानी मी वापरू? त्यानं फरशी पुसू? माझं घर बाटवायलीस का तू?"

"काकू, नदीत मासे नसतात का?"

"नदी मी घरात आनत न्हाई."

शाकाहारी मजले एका बाजूला झाले. राहिलेल्यांना मासे चालत होते, पण ते ताटात. धुण्याच्या पाण्यात त्यांनाही किळस आली. जीप पुन्हा पाइप लावून नळाच्या पाण्याने धुतली जाऊ लागली. हौदाचं पाणी आता मी आणि सिदूच्या शेळ्या वापरत होतो.

आणि राजूला ताप आला.

पहिल्या दिवशी मी साधा ताप समजले. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "डोळे दुखतात." तीन वर्षांचं मूल असं म्हणत नाही. ते म्हणतं पोट दुखतं, आणि पाय दाखवतं. मी तिला उचललं आणि आम्ही अंबाजोगाईला गेलो. रक्त घेतलं. डॉक्टरांनी डेंगी म्हटलं आणि पेशी किती उरल्यात ते सांगितलं. आकडा मी तेव्हाही नीट ऐकला नाही आणि अजूनही मला तो सांगायचा नाही.

दवाखान्यातल्या खाटेवर ती फार लहान दिसायची. घरात ती एवढी लहान नाही. सलाईनचा हात तिने अंगापासून दूर ठेवलेला असायचा, दुसऱ्या कोणाचा असल्यासारखा. मी तिच्या पायांवरचे लाल ठिपके बघत बसायचे. कालचे होते का, नवे आले का. नर्सने एकदा हसून सांगितलं, "मॅडम, बघून बघून ते कमी होत नसतेत." मला ते माहीत होतं. तरी मी नजर काढत नव्हते.

फोनवर इमारतीचा ग्रुप वाजत होता. आधी गुलाबाची चित्रं आली. मग सुंदररावांचा निरोप आला: "चि. राजनंदिनीच्या तब्येतीस लवकर आराम पडो ही ईश्वरचरणी प्रार्थना. तसेच सदर हौद पाडणेबाबत तातडीची बैठक आज गच्चीवर." खाली सगळ्यांचे जोडलेले हात. ते प्रार्थनेला होते की पाडण्याला, कळायला मार्ग नव्हता.

मी फक्त "पाडा" एवढं लिहिलं. तिथे बसून मला तो हौद स्वतः नखांनी उकरून काढावासा वाटत होता. मीच खणलेल्या खड्ड्यात माझंच लेकरू पडलं, असं वाटत होतं.

पाचव्या दिवशी पेशी वाढल्या. राजूने बिस्किट मागितलं आणि मग खाल्लं नाही, पण मागितलं. त्या दुपारी अमरसिंहांचा घरून फोन आला. ते कपडे न्यायला गेले होते. आवाज ऐकूनच मी खुर्चीत नीट बसले.

"छबुबाई येऊन गेल्या," ते म्हणाले. "आपल्याकडे डेंगी निघाला म्हणून सगळी इमारत तपासली त्यांनी."

"हौदात किती निघाल्या?"

"हौदात एकही नाही. मासे आहेत ना. घरांत निघाल्या. सुंदररावांच्या कूलरमध्ये. काकूंच्या पिंपात. आणि आपल्या ड्रममध्ये. दारामागच्या."

दारामागचा ड्रम मी जुलाबानंतर भरला होता, राजूला पुन्हा कधी लागलं तर असावं म्हणून. झाकण होतं, झाकणावर फरशीचा तुकडा होता, आणि त्यातलं भांडंभर पाणीही मी कधी काढलं नव्हतं. झाकणाच्या एका बाजूला करंगळी जाईल एवढी फट होती म्हणे. तो ड्रम तिच्या उशापासून दोन हातांवर.

"ऐकतेस ना?" अमरसिंह म्हणाले.

मी फोन ठेवला आणि तिच्या हातावरची सलाईनची पट्टी नीट केली. ती नीटच होती.

छबुबाईंनी इमारतीत सगळ्यांना तोंडावर सांगितलं तरी बैठकीचा ठराव बदलला नाही. आपल्या पिंपात अळ्या होत्या यापेक्षा हौदात होत्या हे मानायला सोपं होतं, आणि हौद कोणाच्या घरात नव्हता. आम्ही राजूला घेऊन आलो तेव्हा सत्यशीलाकाकू मुगाची मऊ खिचडी घेऊन आल्या. तिच्या तोंडावरून हात फिरवून बोटं कानशिलावर मोडली. "पांढरी पडलंय गं लेकरू," म्हणाल्या, आणि डोळ्यांना पदर लावला. डोळ्यांतलं पाणी खरं होतं. जाताना म्हणाल्या, "उद्या नळ हाय. आन् उद्याच सुंदररावांचा मानूस हौद पाडायला यायलाय. सुटलीस एकदाची."

त्या नळाच्या सकाळी गोदावरी रेसिडेन्सीने आयुष्यात पहिल्यांदा सरकारी आदेश पाळला. कोरडा दिवस. डेंगीची भीती होती आणि छबुबाई पुन्हा येणार होत्या. नळाची वाट न बघताच, पहाट उजाडल्यापासून, कळश्या, टोप, पिंपं, कूलर, फुलदाण्या, सगळं ओतून, घासून, उन्हात पालथं घातलं. गटार नदीसारखी वाहिली.

मीही ओतलं. सगळं. दारामागचा ड्रम मी एकटीने ओढत गच्चीवर नेला आणि आडवा केला. तापलेल्या फरशीवर पाणी पसरलं. त्यातल्या अळ्या थोडा वेळ वळवळल्या आणि वाळल्या. मी शेवटची अळी वाळेपर्यंत उभी राहिले. मग घरात तांब्यासुद्धा भरलेला उरला नाही, आणि मला बरं वाटलं.

नळ आला नाही.

दुपारी कळलं, पंपावरची मोटर जळाली. चार दिवस तरी लागतील. ही बातमी टंचाईच्या टेबलावरून अमरसिंहांनी सगळ्यात आधी आणली. म्हणजे आम्ही सगळ्यात आधी घाबरलो. राजूने औषध ओकून टाकलं होतं, चादरीवर, माझ्यावर, स्वतःवर. तिच्या केसांत ते वाळत होतं. घासलेली, चकचकीत, कोरडी भांडी घरभर पालथी होती.

मी कळशी घेतली, राजूला कडेवर घेतलं आणि खाली गेले.

खाली रांग होती. कठड्यावर सुंदररावांचा माणूस पहार आडवी ठेवून बसला होता आणि तंबाखू मळत होता. रांगेत सगळ्यात पुढे सुंदरराव, दोन बादल्या घेऊन.

"ठराव ठरावाच्या जागी हाय," कोणी विचारलं नसताना ते म्हणाले. "अंमलबजावणी पानी संपल्यावर."

"म्हंजी आज सांजच्यालाच," सिदू म्हणाला. त्याच्या शेळ्या बाजूला उभ्या होत्या, आपल्या घरी पाहुणे आल्यासारख्या. "आज मासे चालतेत व्हय काकू?"

"मी गाळून घ्यायले," सत्यशीलाकाकू म्हणाल्या. त्यांनी कळशीच्या तोंडाला पदर लावला होता. पदरात मासा आला की त्या तो चिमटीत न धरता, पदर झटकून परत सोडत होत्या. "जीव हाय त्याला," पुटपुटत होत्या.

माझ्याकडे कोणी बघत नव्हतं. हौद कोणी साफ केला, कोणी भरला, हे काही निघालं नाही. आभाराचा प्रश्नच नव्हता. पोरीच्या अंगाचा वास येत होता म्हणून पुढच्या बाईने मला स्वतःच्या पुढे घेतलं, एवढंच. इतके दिवस मी मनात जी वाक्यं तयार ठेवली होती, दवाखान्यात, जिन्यात, मोरीत, ती सगळी माझ्याजवळ होती. एकही काढावंसं वाटलं नाही. राजूचं डोकं माझ्या खांद्यावर होतं आणि मला तिचे केस धुवायचे होते.

माझा नंबर आला तेव्हा बादली आडवी करून खरवडावं लागत होतं. मी कळशी भरली. मागे काकू दुसऱ्या खेपेला उभ्या होत्या. हौदाच्या तळाला एका कोपऱ्यात हाताच्या ओंजळीएवढं पाणी राहिलं होतं, आणि सगळे मासे त्यात आले होते. एकमेकांवर चढत होते. वरचे कोरडे पडत होते.

मी राजूला सिदूच्या हातात दिलं, वाकले आणि कळशीतलं अर्धं पाणी परत त्या कोपऱ्यात ओतलं.

पहारवाल्याने तंबाखू तोंडात टाकली.

"अगं," काकू हळूच म्हणाल्या, "तेवढ्यात माझी दोन लुगडी निघाली असती."

"माहीत आहे," मी म्हटलं. पोरीला घेतलं आणि उरलेलं अर्धं पाणी हिंदकळू न देता जिना चढू लागले.